प्रश्न गावभर, उत्तर माइकपुरतं

"बाबा! युद्ध! युद्धाचं सांगा!"

"दूध? दूध सकाळीच आलं."

"दूध नाही हो! युद्ध! तोफ! तुमची तोफ कशी होती?"

"झोप बरी व्हती. पहाटं थंडीनं जाग आली, एवढंच."

ओरडत होती ती प्रज्ञा, आमच्या शेजारच्या पगारे बाबांची नात. कानटोपी घालून अंगणात बाजेवर उन्हाला बसलेले ते पगारे बाबा, तोफखान्यातले निवृत्त हवालदार. आणि कुंपणाला टेकून शेंगा खात मजा बघणारा तो मी. प्रज्ञाचा चेहरा टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवला असता तर वेगळा ओळखू आला नसता. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला "युद्ध! युद्ध!" ऐकून पाय टेकून थांबला आणि घाबराघुबरा होऊन मला विचारू लागला, "भाऊ, लागलं का?"

मी म्हणालो, "लागलं होतं. एकाहत्तर साली. आमच्या कॉलनीत बातमी आत्ता पोचतेय."

यंदा थंडी उतरली आणि गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ पुन्हा कानात वाजायला लागली. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या धुक्यात कमरेपर्यंत बुडाल्यात. द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्यांचा धूर येतो. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्र रात्र जागतात आणि स्वतः मात्र खोकत हिंडतात. आमच्याकडची थंडी साधी नसते. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत एका कोंबड्यानं आरवायला चोच उघडली आणि ऊन येईस्तोवर ती मिटलीच नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं कोंबड्याला विचारावं. असो. सांगायची गोष्ट, अशा हवेला माझं मन हटकून त्या अंगणात जाऊन बसतं.

बाबांचे कान तोफेनं नेले. तोफखान्यातून सुटून आलेल्या माणसाकडे पेन्शन असते, ट्रंक असते, पण कान बहुधा तिकडेच जमा झालेले असतात. उजवा पार मेला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती. मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात शर्टाच्या घडीखाली सुखानं नांदत होतं. "त्यात समदा येळ कांदा परतल्यावानी आवाज येतो," बाबांचं म्हणणं. "कान हायेत का कढई?"

कानांचं एवढं काही नव्हतं. त्या हिवाळ्यात गळ्याचं निघालं. आवाज बसला तो बसलाच, आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. संक्रांत होऊ द्या, मग ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

आता हा आवाज म्हणजे काय होता ते सांगायला हवं, नाहीतर काय जाणार होतं ते कळायचं नाही. बाबांना स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या जगाशी तोफेच्या पल्ल्यानं बोलत. रोज चार वाजता अंगणातून हाक जाई, "शेवंता! चहा टाक!" या हाकेवर आमच्या गल्लीत निदान तीन घरांमध्ये आधण चढायचं. पॉवर हाऊसमधले लोक तो भोंगा समजून पाळी बदलायचे असं मी चारचौघांत सांगतो, आणि अजून पॉवर हाऊसकडून तक्रार आलेली नाही. त्या पिढीत बायकोला नावानं हाक मारणारा पुरुष विरळा. "अगं ए"वर संसार निभायचे. पण फौजेत हजेरी नावानं होते, ती सवय बाबांनी घरी आणली. शेवंता आजी आतून एका शब्दात उत्तर द्यायची. ते बाबांना ऐकू जायचं नाही, तरी द्यायची.

त्या हिवाळ्यात मात्र हाकेचा खरखरीत लगदा झाला होता. आणि प्रज्ञा, शाळेत इतिहास शिकवणारी पोर, हट्टाला पेटली की संक्रांतीच्या आत बाबांचं सगळं युद्ध त्यांच्याच आवाजात साठवायचं. तिच्याकडे मोबाइल होता, वहीभर प्रश्न होते, बिस्किटांच्या डब्यात जपलेली बाबांची लढाईतली पत्रं होती. फक्त प्रश्न बाबांपर्यंत पोचत नव्हते.

शेंगा संपल्या तसा मी बोललो. "प्रज्ञा, थांब. अशानं बाबांच्या आधी तुझंच ऑपरेशन करावं लागेल. मी कर्णा आणतो."

माझा धंदा साऊंडचा. लग्न, जयंती, उरूस, गणपती, जिथे माणूस जमतो तिथे माझा कर्णा झाडावर चढतो. कर्णाही ऐरागैरा नाही. एकदा अंगणात नुसतं "हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन" म्हणालो, तर तिकडे विंचूरच्या लिलावात कुणीतरी ती बोली समजलं आणि कांदा चढला. तो कर्णा मी बाबांच्या डाव्या कानासमोर, हातभर अंतरावर स्टुलावर बसवला. प्रज्ञाच्या हातात एक माइक, बाबांच्या तोंडाशी दुसरा. कर्णा चालू असताना बाबांचा माइक उघडा राहिला की शिट्टी मारणार, म्हणून मी बटणापाशी बसलो. प्रश्न आला की कर्णा चालू. प्रश्न संपला की कर्णा बंद, रेकॉर्डिंग चालू. मोबाइलवर माझा भरवसा नाही, म्हणून मी आपला टेपरेकॉर्डरही लावला. कोरी कॅसेट आता मिळत नाही, घरातली लग्नाच्या सनईची होती तीच घातली. त्यामुळे माझ्याकडच्या कॅसेटवर लढाई संपते तिथे लगेच वरात सुरू होते.

"बाबा, ऐकू येतंय का?" प्रज्ञा माइकमध्ये म्हणाली. शेजारच्या लिंबावरचे कावळे एकलहऱ्याच्या दिशेनं बदली होऊन गेले.

बाबांचा चेहरा उजळला. "येतंय की! कुणाचं लगीन हाय?"

अशी ती लढाई सुरू झाली. रोज दुपारी, ऊन अंगणात आलं की. आणि पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला जो आमच्या कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. बाबांच्या पाठीमागे भिंत नव्हती, रस्ता होता. कर्ण्यातून निघालेला प्रश्न बाबांच्या कानाला निमित्तमात्र शिवून सरळ गावात जाई. उत्तर मात्र घोगऱ्या कुजबुजीत, माइकपुरतं. सगळ्या कॉलनीला प्रश्न ऐकू आले आणि एकही उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या गिरणीवाला दारात हजर. "काल जेवायला बसलो आन् तुमचा प्रश्न आला, 'थंडीत चहा कसा गरम ठेवायचात?' मग सांगा ना कसा! घास उतरंना मला."

उत्तर मी त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगतो. रात्री थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर कातडं लोखंडाकडेच राहायचं. पण तोफ डागून डागून नळी तापली की पोरं चहाचे मग तिच्या अंगाशी धरून बसायची. "नळी तापली का चहा तापायचा," बाबा म्हणाले होते. "चहा निवला का समजायचं, लढाई थांबली." मी एवढ्या वर्षांत हजार भाषणं माझ्या माइकवर ऐकली, पुढाऱ्यांची, महाराजांची, जावयांची. लढाईचं असं माप कुणी दिलं नाही.

मग रोज दुपारी कुंपणावर माणसं जमू लागली. उत्तरासाठी आलेली, पण रिकाम्या हातानं कुणी येईना. प्रश्न गावभर जात होता, त्यामुळे ज्याला त्याला वाटे, हा आपल्यालाच विचारलाय! कर्ण्यातून "तेव्हा अंधार कसा पाळायचात?" गेलं आणि एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत आले. उजेड बाहेर दिसू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी खिडकीच्या काचांना काजळी फासली होती, ती लढाई संपल्यावर पुसली तरी एका काचेवर बोटांचे ठसे राहिले, आणि वडील गेल्यावर घर पाडताना त्यांनी तेवढी काच काढून ठेवली. कुणी सांगे, नाशिकरोडला फौजेची गाडी थांबायची तेव्हा आई भाकरीची चळत घेऊन धावायची. एकदा गाडी सुटली आणि भाकरीबरोबर परातही लढाईला गेली. प्रज्ञा आधी वैतागली. "काका, मला बाबांचं रेकॉर्ड करायचंय, सगळ्या गावाचं नाही!" पण पोर हुशार. तिसऱ्या दिवशी तिनं कुंपणापाशी एक खुर्ची आणि एक माइक जादा मांडला.

एक गोष्ट मात्र तिला सहन होत नव्हती. बाबा प्रश्नाच्या मधेच, लढाई अगदी रंगात आलेली असताना, मान वळवून घराकडे बघत आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणत, "शेवंता, चहा टाक."

"हे कापावं लागेल," प्रज्ञा दर वेळी पुटपुटे आणि वहीत खूण करी.

आजी त्या अंगणात कधी बसलीच नाही. चहा घेऊन यायची, कप ठेवायची, जायची. प्रज्ञानं एकदा तिच्यापुढे माइक धरला. "आजी, तू सांग ना. बाबा लढाईवर होते तेव्हा तुला कसं वाटायचं?"

"मला काय वाटायचं? म्हैस व्यायला झाली व्हती." आणि गेली.

मग तो पत्रांचा दिवस. डब्यातली पत्रं प्रज्ञानं मांडीवर पसरली होती आणि कर्ण्यातून विचारलं, "बाबा, तुम्ही घरी पत्रात काय लिहायचात?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यावरून आवाज आला, "अरे ते काय सांगणार! मला विचार, मला! मी वाचायचे!"

पदर सावरत, धापा टाकत रझिया आपा आल्या. आपा मूळ सिन्नरकडच्या, आजीच्या सासरच्याच गावच्या, हातमागावर विणणाऱ्या घरातल्या. त्या वेळी आळीत फाडफाड वाचता येणारी ही एकटी शाळकरी पोर. लग्नानंतर नशिबानं आमच्याच कॉलनीत आल्या. त्यांनी जादा खुर्चीचा असा ताबा घेतला की खुर्ची आजतागायत तशीच कलती आहे.

"प्रत्येक पत्रात काय? 'मी इकडे खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावं. म्हशीला जपा.' बस्स! खतम! अरे बेटा, नवी नवरी माझ्यासमोर बसलेली. डोळे हे एवढे करून. रेडिओवर रोज लढाई. आणि मी तिला काय वाचून दाखवू? म्हशीला जपा?"

"मग?" कुंपण एका सुरात म्हणालं.

"मग काय! मी घालायचे पदरचं. 'शेवंता, तुझी फार आठवण येते. चांदणं पडलं की त्यात तू दिसतेस.'"

काय हशा उठला! गिरणीवाल्याच्या अंगावरचं पीठ उडालं त्याचं धुकं झालं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनतीया? आरं भोंग्या, काय म्हनतीया ती?" मला ते भोंग्याच म्हणत. आता अशा वेळी एखादा सभ्य माणूस गप्प बसला असता. मी कर्णा चालू केला.

"बाबा! आपा म्हणतात, तुम्ही पत्रात लिहायचात, चांदण्यात शेवंता दिसते!"

हे वाक्य सिन्नर फाट्यापर्यंत गेलं असणार. बाबा आधी लाजले, मग गंभीर झाले. ते म्हणाले, "म्या नाय लिव्हलं. चांदनं पडलं का आमी जाळीखाली दडायचो. चांदन्यात तोफ दिसती वरून. इमान येतं."

हसणं आपोआप विरलं. रझिया आपांनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं तो चांदण्याचा तुकडा आपल्या नावावर बाळगणारी पोर, आणि तिकडे त्याच चांदण्यात जाळीखाली श्वास धरून बसलेला माणूस!

दारात आजी उभी होती, हातात कप. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "ह्यांना चांदन्याचं काय ठावं? पन रझिया वाचायची छान." कप ठेवला, आणि जाता जाता रझिया आपांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

मी पुष्कळदा विचार करतो, यातलं खरं पत्र कुठलं? शाईत आहे ते, की त्या पोरीनं वाचलं ते? कागदानं "खुशाल" एवढंच जपलं. उरलेलं सगळं माणसांनी आपापल्या अंगावर वाहून आणलं, कुणी काचेवरच्या ठशात, कुणी हरवलेल्या परातीत, कुणी पदरच्या ओळीत. मी आयुष्यभर आवाज मोठा करायचा धंदा केला, आणि मला वाटायचं, मोठा केला की पोचला. त्या अंगणात कळलं की आवाज ठेवून घेणारा लागतो.

संक्रांत जवळ आली. प्रज्ञाच्या वहीत एकच प्रश्न राहिला होता, आणि तो कर्ण्यातून विचारायला मी नकार दिला. "भीती वाटली होती का?" हा काय प्रश्न आहे गावभर विचारायचा? दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा बाबांच्या हातून चढतो. पोरं त्यांना सॅल्यूट ठोकतात. प्रज्ञा म्हणाली, "काका, हाच खरा प्रश्न आहे. पुन्हा विचारता येणार नाही." मी म्हणालो, "चिठ्ठीवर लिहून दाखव." आमची हुज्जत बाबा बघत होते. त्यांनी तिच्या हातातली वही ओढली, चष्मा लावून प्रश्न वाचला आणि माझ्याकडे बघून बोटानं बटण दाखवलं. चालू कर.

मी कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. बाबांचा माइक त्याला जोडला. शिट्टी बसली नाही, यंत्रांनाही कधीकधी अक्कल येते.

"तोफ बोलत व्हती तवर नाय वाटली," कर्णा घोगऱ्या आवाजात म्हणाला. कॉलनीनं पहिल्यांदाच उत्तर ऐकलं. "तोफ गप झाली का लय वाटायची. कोन ऱ्हायलं, कोन गेलं, कळायचं नाय. मंग मी नावं घ्यायचो. मोठ्यानं. एकेकाचं. तिकडून 'वो' आली का बरं वाटायचं." जरा थांबून म्हणाले, "आता समदंच गप हाय. म्हनून घरातबी नाव घेतो."

मी बटणाकडे बघत बसलो. बढाया मारणाऱ्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. यात वाढवायला काही नसतं.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले. गळ्याशी एक भोक आणि त्यावर मफलर, हातात पाटी. पाटीवर ते अजूनही मला "भोंग्या" असंच लिहितात, त्यावर अनुस्वार नीट देतात.

आणि आता ही थंडी पुन्हा. परवा दुपारी प्रज्ञानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. तिनं सगळं नीट केलं होतं: खोकला काढलेला, कुत्री काढलेली, माझं "हॅलो हॅलो" निर्दयपणे काढलेलं. मोबाइल माझ्या मशीनला जोडला आणि वर्षभर नुसते प्रश्न घेऊन बसलेल्या कॉलनीनं बाकीची उत्तरं ऐकली. कर्णा बाबांच्या डाव्या कानाकडे होता. स्वतःचा आवाज आला तसा त्यांचा हात मफलरवर गेला आणि तिथेच राहिला. गिरणीवाल्यानं सगळं ऐकलं, पीठ न उडवता. रझिया आपा कलत्या खुर्चीत डोळे मिटून. फार सुंदर काम केलं होतं पोरीनं. असा आजोबा आणि अशी नात एका घरात द्यायची म्हणजे देवानं बाकीच्या कॉलनीवर अन्यायच केला.

फक्त आजी बाहेर आली नाही. आत भांड्यांचा आवाज चालू होता. प्रज्ञा जाऊन म्हणाली, "आजी, ये ना. बाबांचा आवाज आहे!"

"ऐकतेय. लढाईचा हाय तो," आतून आजी म्हणाली. "तेवा मी कुटं व्हते?"

प्रज्ञा उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून माझा टेपरेकॉर्डर काढला. सनईच्या त्या कॅसेटवर मी काहीच कापलेलं नव्हतं. कापता येत नाही मला, ही माझी एकमेव कला. पुढे, मागे, थोडं पुढे केलं. थंडी, लोखंड, तापलेली नळी, आणि मग माणूस मान वळवतो तेव्हा माइकपासून आवाज जरा लांब जातो, तसा तो गेला. कर्ण्यातून साऱ्या कॉलनीवर हाक पसरली. घोगरी, दमलेली, पण पल्ला तोच.

"शेवंता, चहा टाक."

बाबांनी मान वळवून घराकडे बघितलं. आतली भांडी थांबली.

"टाकलाय," आजी म्हणाली.